जीटी ८६ ला १९ इंची चाके लावण्यापूर्वी

२०१५ च्या टोयोटा जीटी ८६ ची मूळ १७ इंची चाके काढून त्या जागी १९ इंच व्यासाची, साडेआठ इंच रुंदीची आणि ३५ ऑफसेटची (चाक हबला जिथे टेकते ती पाठ मध्यरेषेपासून ३५ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला) चाके २२५/३५ टायरसह (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के) बसवली, तर गाडी वळणावर अधिक घट्ट बसेल का, असे तुम्ही विचारले आहे. विक्रेत्याने तशी ग्वाही दिली आहे, असेही म्हटले आहे. मी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये राहतो, हीच गाडी सात वर्षे चालवतो आहे आणि त्यांतले सव्वा वर्ष ती जवळपास याच मापाच्या चाकांवर चालवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पकड वाढेल, पण ती वाढवणारा टायर असेल. चाकाच्या व्यासाचा तिच्याशी फारसा संबंध नाही, आणि व्यासापायी जे गमवाल ते नेमके या गाडीत जास्त जाणवेल.

रस्त्याला टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार आणि टायरमधली हवा यांवर ठरते, त्यामुळे रिम दोन इंचांनी मोठी झाली म्हणून जास्त रबर रस्त्याला टेकत नाही. टायर रुंद केला तर तोच ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणात त्याचा थोडा फायदा होतो हे खरे, पण २१५ वरून २२५ म्हणजे अवघा एक सेंटिमीटर. रबराचे मिश्रण बदलले की याच्या कितीतरी पट फरक पडतो. तुमच्या गाडीवर मूळचे २१५/४५ आर १७ मापाचे मिशेलिन प्रायमसी एचपी टायर येत, जे स्पोर्ट्‌स कारपेक्षा कुटुंबाच्या गाडीला शोभणारे आहेत. टोयोटाने ते जाणूनबुजून निवडले होते, कारण मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना ही गाडी अफाट पकडीच्या जोरावर नव्हे, तर बेताच्या वेगातही चालकाला खेळवता येईल अशी हवी होती. आता होते असे की, माणूस १९ इंची चाके घेतो, त्यांवर चांगले उन्हाळी स्पोर्ट टायर चढवतो, गाडी वळणाला चिकटलेली पाहतो आणि सगळे श्रेय चाकाला देऊन मोकळा होतो. तेच टायर मूळ रिमवर चढवून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

व्यासाचा खरा परिणाम साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर होतो. मूळ टायरची साइडवॉल सुमारे ९७ मिलिमीटर आहे. २२५/३५ आर १९ मध्ये ती ७९ च्या आसपास येते. भिंत आखूड झाली की ती कमी मुरडते आणि स्टिअरिंग हलवताच गाडीचे नाक वळते. पहिला आठवडाभर मीही यावर बेहद्द खूश होतो. पण मुरडणारी भिंत चालकाला एक गोष्ट सांगत असते: पकड संपायच्या थोडे आधी स्टिअरिंग हलके पडू लागते, मागची बाजू संथपणे सरकू लागते आणि हात सावरायला सवड मिळते. आखूड भिंतीच्या टायरची मर्यादा कदाचित थोडी वर असेल, पण तिची कड धारदार असते.

हे मला नीट कळले ते स्नेक पासवर. शेफील्डहून ग्लॉसपकडे जाणाऱ्या त्या घाटात एक डावे वळण आहे, ज्याच्या मधोमध डांबर तीन-चार ठिकाणी ठिगळे लावून जोडलेले आहे. मूळ चाकांवर ताशी ४५ मैलांच्या वेगात गाडी त्या ठिगळांवर किंचित हलायची, अंग सावरायची आणि ठरल्या रेषेतच राहायची. १९ इंची चाकांवर त्याच वेगात तिने प्रत्येक ठिगळाला टुणकन उडी मारली आणि दर उडीला वीतभर बाहेर सरकली. टायर चांगला होता, रस्ता कोरडा होता. फक्त टायर रस्त्याला सतत टेकलेला राहत नव्हता, आणि न टेकलेल्या टायरची पकड शून्य असते.

त्याचे कारण वजन. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभा राहून आणि मग चाक कवेत घेऊन मी दोन्ही जोड्या मोजल्या: मूळ चाक टायरसह १९ किलोच्या आसपास आणि १९ इंची ओतीव चाक टायरसह २३ किलोच्या वर. चार किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण स्प्रिंगखालचे एका कोपऱ्याचे सगळे वजन, म्हणजे चाक, टायर, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग), ब्रेक वगैरे मिळून, जेमतेम ३५ ते ४० किलो असते. त्यात चार किलोंची भर म्हणजे एक दशांशाहून अधिक वाढ, आणि ती काबूत ठेवणारा शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच वजनासाठी जुळवलेला. शिवाय धक्का शोषणारी भिंतही आपण आधीच कापलेली असते.

इथे एका लोकप्रिय समजाचा समाचार घेतो. ‘चाकाचा एक किलो म्हणजे गाडीचा दहा किलो’ असे छातीठोकपणे सांगितले जाते, पण निदान वेग घेण्याच्या बाबतीत ते शक्यच नाही. फिरणाऱ्या वजनाला पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. ते वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असले, तरी हिशेब जास्तीत जास्त दुप्पट होतो. रिमचे वजन त्याहून आत असते, म्हणून दीडपटीच्या थोडे वर धरावे. चार चाकांचे जादा १६ किलो म्हणजे गाडीत २५ किलोंची पिशवी ठेवण्यासारखे. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला ते जाणवते, पण त्याने आभाळ कोसळत नाही. खड्ड्यांवरचा परिणाम याहून गंभीर आहे आणि त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आता ऑफसेट. मूळ चाक सात इंच रुंद आणि ४८ ऑफसेटचे आहे. तुम्ही म्हणता त्या चाकाची बाहेरची कड ३२ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड सहा मिलिमीटर आत सरकेल. मडगार्डखालची पोकळी भरून निघेल, आणि खरे सांगायचे तर निम्मे लोक त्यासाठीच हा खर्च करतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण चाकाची मध्यरेषा १३ मिलिमीटर बाहेर गेली की, स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो त्या बिंदूपासून टायरचा मध्यही तेवढाच लांब जातो. मग रस्त्यावरची प्रत्येक खाच हात धरून ओढू लागते. एम १ महामार्गावर अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत माझी गाडी स्वतःच रस्ता निवडू लागली होती. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडे डांबर असताना ब्रेक दाबला की ही ओढ अधिकच जाणवते. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

व्यासाचा हिशेबही करा. २२५/३५ आर १९ टायरचा एकूण व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे २.४ टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो आणि वेगदर्शक तेवढा कमी दाखवतो. हा फरक कमी करायला २१५/३५ घ्यावा, तर त्या मापाचा भारांक साधारणपणे ८५ असतो, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ५१५ किलो पेलतो. मूळ भारांक ८७, म्हणजे ५४५ किलो आहे. त्यापेक्षा खाली जाऊ नका.

हबकडेही लक्ष द्या. गाडीचा हब ५६.१ मिलिमीटरचा आहे आणि बाजारातल्या पुष्कळ चाकांचे मधले छिद्र ७३.१ चे असते, म्हणून मध्ये कडे (रिंग) घालावे लागते. माझ्या बाबतीत टायर बदलताना एका दुकानात पुढच्या डाव्या चाकाचे प्लॅस्टिकचे कडे हरवले आणि कोणी काही बोलले नाही. ताशी ६५ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतले आणि शेवटी घरीच चाक काढल्यावर कडे जागेवर नसल्याचे दिसले. ॲल्युमिनियमची कडी घ्या.

टोयोटाने पुढच्या पिढीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. जीआर ८६ च्या वरच्या श्रेणीत १८ इंची चाके आली, टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ झाला, पण माप २१५/४० ठेवले: व्यास एकच इंच वाढला आणि रुंदी तीच राहिली. शिवाय त्यांनी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरही नव्याने जुळवले, जे तुम्ही-आम्ही सहसा करत नाही.

तुमच्या जागी मी असतो, तर आधी मूळ रिमवरच २१५/४५ किंवा २२५/४५ मापाचे चांगले उन्हाळी टायर चढवले असते, आणि पुढच्या चाकांना कॅम्बर बोल्ट लावून उणे सव्वा अंशाच्या आसपास कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूला कल, घेतला असता. पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे सस्पेन्शन असल्यामुळे वळणात चाकाचा माथा बाहेर कलतो आणि टायरची बाहेरची कड आधी झिजते. मूळ मांडणीत कॅम्बर जवळजवळ नसतोच. एवढ्या खर्चात गाडी जितकी बदलते, तितकी १९ इंची चाकांनी बदलणार नाही. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर लावण्याचा मोह मात्र टाळा. मागे इंजिन असलेल्या गाडीला ते शोभते. पुढे इंजिन असलेल्या या गाडीचे नाक त्याने वळणाबाहेर ओढले जाईल.

दिसण्यासाठी मोठे चाक हवेच असेल, तर १८ इंची, साडेसात किंवा आठ इंच रुंद, ४५ च्या आसपास ऑफसेट आणि २१५/४० टायर एवढ्यावर थांबा. व्यासात अर्धा-पाऊण टक्क्याचाच फरक पडेल. विक्रेत्याला एका चाकाचे वजन विचारा. साडेआठ किलोच्या आसपास असेल तर पुढे बोला. सांगता येत नसेल तर दुकानात काटा मागवून घ्या. मी तसे केले तेव्हा माहितीपत्रकापेक्षा सव्वा किलो जास्त भरले होते. विमा कंपनीला बदल आधी कळवा, आणि चाके बसवल्यावर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या.