एखाद्या तळ्याची वर्षभराची नोंद कशी ठेवावी?

तुमचा प्रश्न असा आहे: एका तळ्याशी लहानपणापासूनच्या आठवणी जोडलेल्या आहेत, त्याचं प्रत्येक ऋतूतलं रूप टिपून ठेवायचंय, फोटो ढिगाने आहेत, पण एकत्र पाहिले की काही हाती लागत नाही.

ते तसंच होणार. आपण फोटो काढतो ते तळं देखणं दिसतं तेव्हा. मधले मळकट, कंटाळवाणे दिवस सुटून जातात आणि ऋतू पालटतो तो नेमका त्याच दिवसांत. म्हणून आधी एक जागा आणि एक वार ठरवा. त्या दिवशी तळं कसंही दिसो, नोंद घ्यायचीच. आठवड्यातून एकदा भरपूर झालं. रोजच्या नोंदीचा संकल्प सहसा महिन्याभरात मोडतो.

फोटोसाठी न हलणारी जागा हवी: खडक, पायरी, पुलाचा कठडा. दीड मीटरची काठी घ्या आणि फोन दर वेळी तिच्या टोकावर टेकवा. समोरच्या काठावरची एक खूण चौकटीच्या डाव्या कडेला, दुसरी उजव्या कडेला येऊ द्या. पहिला फोटो छापून सोबत ठेवला की जुळवणं सोपं जातं. झूम आणि वाइड लेन्स दोन्ही टाळा. जागा शक्यतो झाडं पानांनी भरलेली असताना निवडा. निष्पर्ण दिवसांत निवडलेल्या जागेवर पुढे हमखास फांदी आडवी येते. वेळ अशी घ्या की सूर्य पाठीमागे असेल. तो समोर असला तर पाण्याचा रंग मिळत नाही, नुसती चमक मिळते. आणि फोन रंग स्वतःच ‘सुधारतो’, त्यामुळे गढूळ पाणीही निळसर दिसतं. कॅमेऱ्यातली व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी) सेटिंग ‘ऊन’वर कायम ठेवा. ती सोय नसेल तर चौकटीत पांढरा कागद धरून एक जादा फोटो काढा.

पाण्याची पातळी मोजायला पट्टी रोवायची गरज नाही. काठावरच्या पक्क्या दगडावर किंवा काँक्रीटवर, पाणी कधीच पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक खूण कोरा. तिथून पाण्यापर्यंतचं सरळ खाली अंतर टेपने मोजा. लाटांमुळे आकडा डळमळत असेल तर बाजूला बारीक भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप पाण्यात उभा धरून आतली पातळी बघा. लाकडी खांब नको. तो गाळात खचतो, कलतो, आणि पातळी बदलली की खांब, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आता माझं आवडतं साधन, सेकी चकती. अँजेलो सेकी या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढऱ्या चकत्या समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तळ्यांसाठी आज २० सेंटीमीटर व्यासाची, चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली चकती वापरतात. घरी करायची तर जाड अ‍ॅक्रिलिक किंवा पत्रा घ्या, रंग मॅटच द्या (चकचकीत रंग उन्हात लखलखतो आणि माप चुकवतो), मधोमध दोरी बांधायला कडी असलेला बोल्ट बसवा आणि खाली अर्धा ते एक किलो वजन लटकवा. दोरी नायलॉनची नको, ती ताणते. सुती दोरी भिजली की आखडते. पॉलिएस्टरची घ्या, आधी भिजवा, मग चकतीच्या पृष्ठभागापासून दर १० सेंटीमीटरला खूण करा. या खुणा वर्षातून दोन-तीनदा टेपने पडताळाव्या लागतात.

माप साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, धक्क्याच्या किंवा होडीच्या सावलीच्या बाजूने घ्या. गॉगल काढून ठेवा. चकती सावकाश सोडा, दिसेनाशी झाली की खोली लिहा. थोडी आणखी खाली जाऊ द्या, वर ओढताना पुन्हा दिसली की तीही लिहा. दोहोंची सरासरी म्हणजे त्या दिवसाचं माप. वाऱ्याने होडी सरकून दोरी तिरकी झाली तर आकडा फुगतो, ते माप सोडून द्या. चकती तळाला टेकली तरी दिसत असेल तर ‘तळ दिसला’ असं लिहा, कारण तो आकडा खोलीचा असतो, पारदर्शकतेचा नव्हे. पाणवनस्पतींना पुरेल इतका उजेड ढोबळमानाने या मापाच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत पोचतो.

माप घटलं तर ते मातीमुळे की शेवाळामुळे, हे त्याच दिवशी ठरवा. काचेचा पेला भरून पांढऱ्या कागदापुढे धरा. माती तपकिरी दिसते आणि बराचसा गाळ काही तासांत खाली बसतो. हिरवट कण तरंगत राहिले तर शेवाळ. पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग साचला असेल तर हात घालू नका, कुत्र्यालाही पाण्यात सोडू नका. नील-हरित जीवाणूंचा तवंग विषारी असू शकतो. हातमोजे घालून बरणी पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये स्थिर ठेवा. हिरवा थर वर आला तर संशय पक्का धरा. साधं शेवाळ सहसा खाली बसतं. ही फक्त प्राथमिक परीक्षा आहे, पाणी पिण्या-पोहण्याजोगं आहे का ते यावरून ठरवू नका.

तापमानाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ऋतूंचं गुपित तिथेच आहे. गरम दिवसांत वरचं कोमट, हलकं पाणी खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. २४ ते २५ अंशांत घनतेत पडणारा फरक ४ ते ५ अंशांतल्या फरकाच्या सुमारे तीसपट असतो, म्हणून गरम पाण्यात दोन-तीन अंशांचा फरकही थर वेगळे ठेवायला पुरतो. तळाशी कुजणारा पाला प्राणवायू संपवत जातो आणि वरून नवा पोचत नाही. हवा गार झाली की वरचं पाणी जड होतं, वारा ते खालपर्यंत घुसळतो आणि सगळं तळं उलटंपालटं होतं. त्या दिवसांत सडक्या अंड्यासारखा वास, अचानक आलेला गढूळपणा, पृष्ठभागाशी तोंड वासणारे मासे, असं काहीही दिसू शकतं. कुणीतरी विष टाकलं अशी आवई बरेचदा अशाच वेळी उठते. जिथे तळं गोठतं तिथे बर्फ वितळल्यावर ही घुसळण आणखी एकदा होते, कारण पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं. दोन-तीन मीटर खोलीच्या उघड्या तळ्यात मात्र वारा जवळपास वर्षभर सगळं मिसळत राहतो, तिथे थर शोधत बसू नका.

मोजायला लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर सर्वांत सोयीचा. तो नसेल तर लिटरभराच्या बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, हव्या त्या खोलीवर हिसका देऊन बूच काढा, बुडबुडे थांबले की वर ओढून सावलीत लगेच तापमान घ्या. साधा थर्मामीटर दोरीने सोडून उपयोग नाही, वर येईतो त्याचा पारा बदललेला असतो. दर मीटरला एक माप घ्या. एका मीटरमध्ये एक अंशाहून जास्त घट दिसली की ती थरांमधली सीमा समजा. ही मापं एकट्याने घेऊ नका, आणि होडीत लाइफ जॅकेट घालाच.

पहिल्या-शेवटच्या तारखांसाठी वहीत वेगळं पान ठेवा: पहिला बेडूक, पहिलं कमळ, स्थलांतरित बदकं आली-गेली ते दिवस, तळं भरलं किंवा गोठलं ती तारीख. जपानच्या सुवा तलावावर पुजाऱ्यांनी १४४३ पासून गोठण्याच्या नोंदी ठेवल्या आणि आज हवामानाचे अभ्यासक त्या वापरतात. मात्र व्याख्या आधीच लिहून ठेवा. ‘गोठलं’ म्हणजे कडेला साय धरली की समोरच्या काठापर्यंत बर्फ झाला? दर वर्षी वेगळा अर्थ घेतला तर तारखा एकमेकींशी जुळवता येणार नाहीत. वहीत पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने फुटते.

जुने फोटोही वाया जात नाहीत. खडकावरची भेग, पायरीची कड, भिंतीतलं भोक अशी अजून जागेवर असलेली खूण ज्यात दिसते तो फोटो निवडा. त्यात पाणी कोणत्या पायरीला किंवा भेगेला टेकलंय ते बघा, तिथे जाऊन त्या ठिकाणापासून तुमच्या कोरलेल्या खुणेपर्यंतची उंची मोजा. दोन्ही जागा एकमेकींपासून दूर असतील तर प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरा आणि तिचं एक टोक खुणेपाशी, दुसरं त्या ठिकाणी धरा. नळीत बुडबुडा राहिला नसेल तर दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. त्या दिवशीची पाणपातळी काही सेंटीमीटरच्या फरकाने मिळते. मात्र नंतर पायऱ्या बांधल्या किंवा गाळ उपसला असेल तर ते आधी घरच्या मोठ्यांना विचारून घ्या. फोटोच्या मागे लिहिलेल्या तारखेवरही डोळे झाकून विश्वास नको. ती अनेकदा रोल धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे.