लिंक्डइनवर (नोकरी-धंद्याच्या ओळखींची साइट) खातं उघडलंय, पण पुढे काय? १६ वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी विभागात, १६ वर्षं झाली, वय ४२, शिक्षण आपल्या सयाजीराव युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. भाच्याने बळेबळे लिंक्डइनवर खातं उघडून दिलं, ते तसंच पडून आहे. इंग्रजी लिहायचं म्हटलं की हात अडतो, कोणाला जोडायचं कळत नाही, आणि ऑफिसात कळलं तर काय ही धास्ती वेगळीच.

मी बडोद्याचाच. दांडिया बाजारात वाढलो, आता वाघोडिया रोडला राहतो. ट्रान्सफॉर्मरच्याच धंद्यात २४ वर्षं झाली, त्यातली पहिली १३ एकाच ठिकाणी. माझंही खातं चार वर्षं तुमच्यासारखंच धूळ खात पडलं होतं.

ते का पडलं होतं ते सांगतो, कारण तुमचंही बहुतेक तेच असावं. मला वाटायचं, ही जागा अनोळखी लोकांसमोर स्वतःची जाहिरात करायला आहे. ते आपल्याला जमत नाही. आणि ओळखी काय कमी होत्या? गणपतीच्या मंडपात उभं राहिलं तर अर्धा बडोदा ओळखतो. पण काय म्हणून ओळखतो? "अमक्यांचा धाकटा, ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत असतो." बस. दिवसभर मी तिथे नेमकं काय करतो हे माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही सांगता आलं नसतं.

आमच्याकडे एक मुलगा शिकाऊ म्हणून आला होता, मी वाइंडिंग सेक्शनला (तारेची वेटोळी गुंडाळतात तिथे) होतो तेव्हा. दोन वर्षांत सोडून बडोद्याजवळच्या सावली गावाकडच्या एका कंपनीत गेला. पण ओळख टिकली. वर्षातून दोनदा तरी रावपुऱ्यात सेवउसळ खायला भेटायचो, मुलांच्या शाळा, क्रिकेट, सगळं बोलायचो. त्याच्या कंपनीत तीन महिने टेस्टिंगचा माणूस शोधत होते आणि त्याने मला साधं विचारलंसुद्धा नाही. मी माझं पान नीट भरलं, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "साहेब, तुम्ही टेस्टिंगला कधी गेलात? मला तर वाटलं अजून वाइंडिंगलाच आहात." मी वाइंडिंग सोडून तेव्हा ८ वर्षं झाली होती! माझी दुसरी नोकरी त्या फोनमुळे लागली.

तेव्हा अनोळखी लोकांचं टेन्शन सोडा. जे तुम्हाला आधीच ओळखतात त्यांना तुमचं काम कळावं एवढ्यासाठी पान भरायचं. एकदा हे डोक्यात बसलं की काय लिहावं हा प्रश्न बराचसा सुटतो.

नावाखालची ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिला हेडलाइन म्हणतात. तुम्ही काही केलं नाहीत तर बहुधा तिथे पद आणि कंपनीचं नाव येऊन बसतं. "सिनियर एक्झिक्युटिव्ह" असं. आता विचार करा, माणूस शोधणारा "एक्झिक्युटिव्ह" टाकून शोधेल का? तो "ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग" टाकेल. माझ्या ओळीत आज "पॉवर आणि डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग, ६६ केव्हीपर्यंत, रूटीन व टाइप टेस्ट, आयएस २०२६, आयएस ११८०" असं आहे (शेवटचे दोन भारतीय मानकांचे क्रमांक). बाहेरच्याला यातलं काही कळणार नाही, पण ज्याला कळायला हवं तो दोन सेकंदांत थांबतो. तुमच्या बाबतीत "ट्रान्सफॉर्मर परचेस: कॉपर, सीआरजीओ, ऑइल, बुशिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट, एसएपी" अशी काहीतरी ओळ व्हावी (सीआरजीओ म्हणजे गाभ्याचं खास पोलाद, एसएपी म्हणजे कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर). जे खरोखर घेता तेच लिहा. २२० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलवर यादीत सुरुवातीचेच काही शब्द दिसतात, म्हणून मुद्द्याचा शब्द आधी.

इंग्रजीबद्दल. लिंक्डइनचे मेनू आता मराठीतही करून घेता येतात, खुशाल करून घ्या. पण पानावरचा मजकूर इंग्रजीतच ठेवा, कारण शोधणारे इंग्रजी शब्द टाकून शोधतात. आणि तुम्ही रोज पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि व्हेंडरला (माल पुरवणाऱ्याला) मेल लिहिताच की! तेच इंग्रजी पुरतं. "अबाउट" नावाचा जो मोठा रकाना आहे त्यात २६०० अक्षरं मावतात म्हणून ती भरलीच पाहिजेत असं नाही, सहा ओळी पुष्कळ झाल्या. मी असं केलं: नव्या आलेल्या पोराला आपण आपलं काम जसं समजावून सांगतो तसं मोबाइलवर मराठीत बोलून रेकॉर्ड केलं, मग त्यातलं एकेक वाक्य छोट्या इंग्रजीत उतरवलं. "हार्डवर्किंग", "डायनॅमिक", "टीम प्लेयर" हे शब्द माझ्या मुलीने आधी घातले होते, ते काढून टाकले. त्याऐवजी आकडे द्या. महिन्याला साधारण किती पीओ निघतात, किती व्हेंडर सांभाळता, इम्पोर्ट करता का. फक्त एक लक्ष्मणरेषा: दर, व्हेंडरची नावं, कंपनीचा खरेदीचा एकूण आकडा, यातलं काहीही टाकायचं नाही. परचेसच्या माणसाने ते उघड्यावर मांडलं तर पुढची कंपनी त्यातून नको तोच अर्थ काढेल.

१६ वर्षं एकाच कंपनीत हा कमीपणा वाटतोय ना तुम्हाला? तो लिहिण्याच्या पद्धतीतला कमीपणा आहे. एकच नोंद केली तर १६ वर्षं एकाच खुर्चीत बसल्यासारखं दिसतं. त्याऐवजी एकाच कंपनीखाली वेगवेगळी पदं वेगवेगळी टाका: स्टोअरला लागलात ती वर्षं, मग परचेस असिस्टंट, मग कॉपर तुमच्याकडे आलं ते वर्ष, मग एसएपी आलं तेव्हाचं. साइट ती सगळी एका कंपनीखाली एकाखाली एक जिन्यासारखी लावते आणि चढण दिसते. कंपनीचं नाव टाइप करताना खाली जी यादी उघडते तिच्यातूनच निवडा. तेच युनिव्हर्सिटीचं. नुसतं "एम. एस. बडोदा" टाइप करून पुढे गेलात तर ती नोंद कशाशीच जोडली जात नाही. यादीतलं "द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बडोदा" निवडलंत तर शेजारी चिन्ह येतं आणि तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या यादीत मोजल्या जाता. त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर "अॅलम्नाय" असा भाग आहे, तिथे कोण कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत आहे हे गाळून पाहता येतं. आपली युनिव्हर्सिटी १९४९ची, कॉमर्सला दरवर्षी केवढी गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वर्गातल्या किती जणी कुठे पोचल्यात ते बघून थक्क व्हाल.

भाषांचा एक रकाना असतो, तो लोक सोडून देतात. तुम्ही सोडू नका. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चारही टाका. जीआयडीसीतल्या (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) फॅब्रिकेटरशी गुजरातीत आणि पुण्या-नाशिकच्या पार्टीशी मराठीत घासाघीस करू शकणारा परचेसवाला म्हणजे काय चीज असते हे आपल्याला घरचं झाल्यामुळे कळत नाही.

आता माझी फजिती. पान भरताना माझ्या पदाची तारीख चुकली होती, ती मी एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केली. बदल नेटवर्कला, म्हणजे जोडलेल्या सगळ्यांना, कळवायचा का, असं तिथेच एक छोटं बटण असतं. ते चालू राहिलं आणि मला पत्ता नाही. चहापर्यंत ११ जणांचं "अभिनंदन! नवीन जबाबदारीसाठी शुभेच्छा!" येऊन पडलं. एकाने पेंडे मागितले. साडेचारला मॅनेजर स्वतः टेस्ट बेंचपाशी आले आणि हळूच विचारलं, "काय हो, प्रमोशन आम्हीच दिलं का?" मी समजावून सांगितलं, ते हसले, पण पुढचा आठवडाभर माझी रजेची चिठ्ठी जरा जास्तच बारकाईने वाचली गेली. म्हणून काहीही बदलण्याआधी ते बटण बंद करा.

तुमची ऑफिसची धास्ती त्यामुळे मला समजते. नुसतं खातं असणं गैर नाही, तुमच्या एचआरचंही असेलच. जपायचं ते "ओपन टू वर्क"ला, म्हणजे नोकरी शोधतोय असं सांगणाऱ्या खुणेला. त्यात दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी कड येते आणि सगळ्या जगाला दिसतं. दुसऱ्यात फक्त रिक्रूटरना (नोकरीसाठी माणसं शोधणाऱ्यांना) दिसतं, आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा प्रयत्न साइट करते, पण खात्री देत नाही, तसं तिथेच लिहिलेलं असतं. मकरपुऱ्यात एका शेडमधली शिंक दुसऱ्या शेडमध्ये ऐकू येते, त्यामुळे मी तर म्हणेन सध्या दोन्ही नकोत. आणखी एक: तुम्ही कोणाचं पान उघडून पाहिलंत की त्याला तुमचं नाव दिसू शकतं. सेटिंगमध्ये "प्रायव्हेट मोड" आहे, पण तो लावला तर फुकटच्या खात्यात तुमचं पान कोण बघून गेलं हे तुम्हालाही दिसत नाही. मी तो लावलेला नाही.

कोणाला जोडायचं? साइट अधूनमधून फोनमधले सगळे नंबर मागते, "कॉन्टॅक्ट सिंक करा" म्हणून. ते टाळा. त्या यादीत गॅस एजन्सीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे असतात. लोकांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना पुन्हा पुन्हा आमंत्रणाचे ईमेल गेल्यावरून अमेरिकेत यांच्यावर खटला झाला होता आणि २०१५ साली १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला गेला. तेव्हापासून गोष्टी सुधारल्यात, तरी हाताने एकेक जोडलेलं बरं. आधी कंपनी सोडून गेलेले जुने सहकारी. ते दुसरीकडे पोचलेले असतात आणि तुमचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग कॉलेजातले. ३० जण झाले की थांबा आणि महिनाभर काही करू नका.

व्हेंडरचं मात्र जपून. परचेसच्या बाईंनी विनंती पाठवली तर मार्केटिंगवाले पाच मिनिटांत स्वीकारतील यात शंका नाही. आणि खरं सांगायचं तर कोणाची खुर्ची रिकामी होणार हे त्यांनाच आधी कळतं, रोज दहा परचेस डिपार्टमेंटमध्ये बसून चहा पितात ते. त्यांना जोडा, त्यांना तुमचं पान दिसू द्या. पण "कुठे असेल तर सांगा" असं त्यांना तोंडाने म्हणू नका. ज्याच्याशी उद्या दरावर भांडायचंय त्याचे उपकार आज डोक्यावर घेऊ नयेत.

विनंतीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी जोडता येते. फुकटच्या खात्यात ती २०० अक्षरांत बसवावी लागते आणि महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून जिला तुमचं नाव पटकन आठवणार नाही तिच्यासाठी राखून ठेवा. "आपण २०१२ मध्ये स्टोअरला एकत्र होतो, मी आता कॉपर परचेस बघते" एवढं पुरे. त्यात नोकरीचा विषयही नको.

अनोळखी पुरुषांचे "हॅलो डिअर" तुम्हाला येतील, माझ्या बायकोलाही येतात. उत्तर न देता ब्लॉक. आणि नोकरीच्या नावाखाली कोणी "डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन"चे, लॅपटॉपचे, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथेच थांबायचं. माझ्या भाच्याचे ४,५०० रुपये असेच गेले, आणि समोरच्याचं पान माझ्यापेक्षा झकपक होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) पहिल्याच दिवशी चालू करून टाका. प्रीमियमचा (पैसे भरायच्या खात्याचा) फुकट महिना घेऊ नका, कार्ड मागतात आणि आपण बंद करायला विसरलो की पैसे कापले जातात. तुमच्या कामाला फुकटचं पुरेल.

फोटोचं राहिलं. माझा पहिला फोटो पुतणीच्या लग्नातला होता, फेट्यासकट, आणि खांद्यावर कोणाचातरी कापलेला हात. "साहेब, नवरदेव तुम्हीच का?" असं त्याच सावलीच्या पोराने विचारल्यावर काढला. मग मुलीने एका रविवारी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून मोबाइलवर काढला, ऑफिसच्याच शर्टात. तो अजून तसाच आहे. केस मात्र त्यात बरेच काळे आहेत, आता बदलायला हवा.