दोन 'टी' आणि अडतीस हजार डॉलर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६, आयटीत नोकरी, मुलगी अकरावीत. बचत खात्यात ३१,००० डॉलर, घरखर्च महिन्याला ९,००० च्या आसपास. त्यांना १९६६ ची फोर्ड मस्टँग जीटी, म्हणजे मस्टँगचा जास्त ताकदीचा प्रकार, घ्यायची आहे. विक्रेता ३८,००० मागतो आहे. गाडीत 'मूळचं २८९ व्ही-८ इंजिन' (२८९ घन इंचांचं, आठ सिलिंडरचं) आहे, असं तो सांगतो. पैसे घरावरच्या क्रेडिट लाइनमधून काढायचे, दर ८.५ टक्के. "मुलीला शिकवायलाही होईल आणि किंमत तर वाढतच जाणार," असं ते लिहितात. सोबत चार फोटो पाठवले आहेत.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार भावली: ही गाडी आपल्या गावात बनली आहे. खरंच बनली आहे. एडिसनमध्ये रूट १ वर फोर्डचा कारखाना होता. तो १९४८ साली सुरू झाला आणि २००४ साली बंद पडला. कारखाना एडिसनमध्ये असला तरी त्याचं नाव मटचन. आज त्या जागेवर दुकानं आहेत. जिथे आपण शनिवारी सामान आणायला जातो, तिथून एके काळी मस्टँग बाहेर पडायच्या. त्यामुळे तुमची हौस मी उडवून लावणार नाही. पण फोटो नीट बघितले आणि हिशेब वेगळाच निघाला.

पहिला फोटो व्हीआयएनचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चॅसिस नंबरचा. तुम्ही तो योग्य जागेवरून काढलात, बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावरून. दारावरची पट्टी नवी बनवून मिळते, म्हणून पत्र्यावर ठोकलेला नंबरच धरायचा. तुमचा सुरू होतो ६-टी-०७-टी असा. ६ म्हणजे १९६६. पहिला टी म्हणजे मटचन, तुमचं गाव. ०७ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छपराची गाडी. आणि पाचव्या जागेवरचा टी म्हणजे कारखान्यातून बसवलेलं इंजिन. तो टी सहा सिलिंडरच्या, २०० घन इंचांच्या इंजिनाचा आहे. व्ही-८ असतं तर तिथे सी, ए किंवा के असतं. जीटीचं पॅकेज फोर्डने फक्त ए आणि के या दोन इंजिनांवर दिलं होतं. म्हणजे ही गाडी मूळची व्ही-८ नाही आणि कारखान्यातून जीटी म्हणून निघालेलीही नाही. फॉग लॅम्प, पट्टे, जीटीचे बिल्ले हे सगळं बाजारात सुटं मिळतं.

दुसरा फोटो स्टार्टरच्या वर ब्लॉकवर ओतलेल्या अक्षरांचा. ग्रीस पुसून काढलात म्हणून वाचता आला: डी-८-व्ही-ई-६०१५. फोर्डच्या पद्धतीत पहिलं अक्षर दशकाचं असतं, सी म्हणजे साठचं दशक आणि डी म्हणजे सत्तरचं. पुढचा आकडा वर्षाचा. ६०१५ हा ब्लॉकचा क्रमांक. १९६६ च्या गाडीत सी-५ किंवा सी-६ ने सुरू होणारा ब्लॉक असायला हवा. हा १९७८ साठी आखलेला ३०२ चा ब्लॉक आहे. २८९ आणि ३०२ बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे विक्रेत्यालाही ठाऊक नसेल. साठ वर्षांत गाडीचे किती मालक झाले कोण जाणे. मी त्याच्यावर लबाडीचा आळ घेत नाही.

तिसऱ्या फोटोने मात्र मी अस्वस्थ झालो. चाकाला चार नट आहेत. त्या काळी सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार नटांची चाकं आणि लहान ड्रम ब्रेक असायचे, व्ही-८ ला पाच नट आणि मोठे ब्रेक. जीटीला तर पुढे डिस्क ब्रेक यायचे. याचा अर्थ कोणीतरी इंजिन तेवढं बदललं आणि ब्रेक, स्पिंडल, मागचा ॲक्सल हलक्या गाडीचेच ठेवले. जड आणि जास्त ताकदीचं इंजिन, आणि थांबवायला हलक्या गाडीचे ब्रेक. त्यात १९६६ च्या मस्टँगमध्ये ब्रेकचं एकच सर्किट असतं. एका जागी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मुलीला या गाडीवर शिकवू नका. हे मी सल्लागार म्हणून लिहीत नाही, मलाही मुलगी आहे.

आता पैशांकडे वळू. ३८,००० डॉलर ८.५ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ४७१ डॉलर होतात, आणि व्याजापोटी साधारण १८,५०० जातात. तेही बदलता दर तेवढाच राहिला असं धरून. या व्याजावर करसवलत नाही, कारण घरावरच्या कर्जाचं व्याज वजा करायला ते पैसे घरासाठीच वापरावे लागतात. ब्रेक आणि ॲक्सल नीट करून घ्यायला काही हजार वेगळे. आणि हे ज्या किमतीवर उभं आहे ती जीटीची किंमत आहे. तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचाही पाचवं अक्षर वाचेलच. तेव्हा तोटा झाला तर तो कराच्या विवरणात दाखवता येत नाही, नफा झाला तर मात्र कर भरायचा.

"वाढतच जाणार" यावरही थोडं बोलायला हवं. १९६६ साली मस्टँग सहा लाखांहून जास्त बनल्या. हार्डटॉप हा त्यातला सगळ्यात जास्त खपलेला प्रकार. जास्त भाव येतो तो के इंजिनाला, फास्टबॅकला (मागे उतरत्या छपराची), कन्व्हर्टिबलला (छप्पर उघडणारी), आणि तोही गाडीचे आणि इंजिनाचे आकडे जुळत असतील, म्हणजे इंजिन मूळचंच असेल तर. इंजिन बदललेली हार्डटॉप चालवायला छान असेल, पण तिला गुंतवणूक म्हणू नका. तिचा खर्च हौसेच्या खात्यात लिहा.

तुमची बचत घरखर्चाला साडेतीन महिनेसुद्धा पुरत नाही, आणि आयटीत आत्ता काय चाललं आहे ते तुम्ही माझ्याहून जवळून बघता. मुलीच्या ५२९ खात्याला, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याला, तर हात लावूच नका. शिक्षणाशिवाय दुसऱ्या कामाला पैसे काढले तर वाढीव रकमेवर कर आणि वर दहा टक्के दंड बसतो.

तेव्हा या किमतीला, कर्ज काढून, ही गाडी घेऊ नका. वहिनींचंही हेच म्हणणं आहे असं तुम्ही लिहिलंत. त्यांचं बरोबर आहे.

पण तुमच्या हौसेचं काय? पत्र मी पुन्हा वाचलं. तुम्हाला हवा आहे तो पहिला टी, आपल्या गावचा. विक्रेता पैसे मागतो आहे ते पाचव्या जागेवर नसलेल्या ए चे. मटचनमध्ये बनलेली, स्वतःच्या सहा सिलिंडरच्या इंजिनासह टिकलेली साधी हार्डटॉप हा त्या वर्षीच्या मस्टँगमधला सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. तिचे ब्रेक तिच्याच वजनाचे असतात आणि सुटे भाग सहज मिळतात. आधी बचत सहा महिन्यांच्या खर्चाएवढी करा. मग वेगळं खातं उघडून महिन्याला ५०० टाका, कर्जाच्या हप्त्यात गेलेच असते. अशी गाडी समोर आली की रोख द्या आणि विमा ठरावीक मूल्याचा, ॲग्रीड व्हॅल्यूचा घ्या.

याच विक्रेत्याशी बोलायचंच असेल तर फोटो त्याला दाखवा आणि इंजिन बदललेली सहा सिलिंडरची गाडी म्हणून काय घेणार ते विचारा. त्याने दिलेला आकडा आणि तुमच्या मेकॅनिकचा ब्रेकचा अंदाज, दोन्ही मला कळवा. चौथा फोटो, मुलगी स्टिअरिंगमागे बसलेली, तो तुमच्याकडेच जपून ठेवा.