रात्री दोनला सुरू होणारं मशीन

"मॅडम, आबा रात्री दोन वाजता उठून बसतात आणि म्हणतात, स्पिंडल चालू आहे. दिवसभर त्याच मिलिंग मशीनच्या गोष्टी. डोक्यावर परिणाम झाला असेल का हो?"

जळगावला माझ्याकडे आलेल्या एका सुनेचा हा प्रश्न. (स्पिंडल म्हणजे मशीनमधला कटर फिरवणारा दांडा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निवृत्त माणूस तेच तेच सांगू लागला की घरच्यांना पहिली धास्ती स्मृतिभ्रंशाची वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

आबांचं वय ७१, गाव अमळनेरकडचं. उमेदीची सगळी वर्षं विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, फिरत्या कटरनं धातू कोरणाऱ्या मोठ्या मिलिंग मशीनवर गेलेली. मी काही विचारायच्या आतच त्यांची गोष्ट सुरू झाली. मशीनचा बेड घरच्या ओट्याहून लांब. क्रेननं अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट ठेवायची, क्लॅम्प कसायचे, डायल लावून ती सरळ बसली का ते बघायचं, मगच कटर खाली घ्यायचा. प्लेटच्या दर दहा किलोंमागे आठ-नऊ किलो चिप्स, म्हणजे धातूचा कीस, होऊन पडायचे आणि उरायची ती पंखाच्या आतली बरगडी. कप्पे कोरत गेलं की शेवटी जेमतेम दोन मिलिमीटरची भिंत राहते आणि ती थरथरते. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, कटरचा आवाज बदलतो. तेव्हा हात मारून फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी केला नाही तर जॉबवर, म्हणजे त्या भागावर, लाटा उमटतात, इन्स्पेक्शनला रिजेक्ट. हे सांगताना त्यांचा तळहात माझ्या टेबलावर सपाट टेकलेला होता.

मी मनात निदान करून मोकळी झाले होते. उतारवयात माणूस मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा उलगडतो, तो आजार नव्हे, हे रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं आहे. घरच्यांना एवढं समजावून परत पाठवणार होते. तेवढ्यात चहा आला.

"आबा, साखर कमी घालू का?"

"नाही, चक्कर कधीच आली नाही."

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, पंखा बंद केला, सावकाश बोलू लागले. पेन्शन काढायला कोण जातं? ते स्वतः. काल काय जेवलात? भरीत आणि कळण्याची भाकरी. गोळ्या, घरचा रस्ता, हिशेब, कुठेच चूक नाही. मग रात्रीचं विचारलं.

"तठे मशीन नही, हाई माले माहीत शे. पन आवाज येस ना!" बारीक कटर जोरात फिरतो तशी शिट्टी. घर शांत झालं की जास्तच. मग हळूच म्हणाले, "मी येडा व्हई गऊ का?"

कानात वाजत होतं आणि त्या आवाजाला त्यांच्याकडे स्पिंडल हेच नाव होतं. ही दोन वाक्यं बोलायला त्यांना किती धीर लागला असेल, ते आठवलं की आजही गलबलतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडच्या तपासणीत दोन्ही कानांचा ऐकण्याचा आलेख ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजांशी, खाली गेलेला निघाला. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास, तेही वर्षानुवर्षं आणि कानात फक्त कापूस असेल, तर आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात; त्या पुन्हा येत नाहीत. जाड आवाज ऐकू येतात, पण स, श, फ, त निसटतात. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं. कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

आणि तीच ती गोष्ट? आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही. टीव्ही, पंखा आणि चार जणांच्या गलक्यात आबांना धागा सापडत नव्हता, मशीनच्या गोष्टीत तो कधीच सुटायचा नाही.

तुमच्या घरी असंच असेल तर बघा: कालपरवाचं विसरतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, पैशांत घोळ होतो का. होत असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या. पण त्याच आठवड्यात कानही तपासा. एकाएकी ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आबांनी पहिल्या आठवड्यात मशीन काढून ठेवलं, श्रवणयंत्र म्हणते मी. भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा. रोज थोडे थोडे तास वाढवत सवय झाली. शिट्टी पूर्ण गेलेली नाही. रात्री रेडिओ बारीक लावून ठेवतात.

परवा सुनेचा फोन आला. गोष्ट अजून तीच आहे म्हणे. पण नातीनं मध्येच विचारलं, "एवढे चिप्स जायचे कुठे?" आबा थांबले. म्हणाले, "गोळा करून वितळवायला पाठवायचे. तू आज डब्यात काय नेलं होतंस?"