खरेदीखताचा मसुदा आलाय, आधी काय वाचू?

प्रश्न : नमस्कार सर, फलटण तालुक्यात माझ्या शेताला लागून दीड एकर जिरायत घेतोय. खरेदीखताचा मसुदा व्हॉट्सअॅपवर आलाय, त्यात ‘गटाच्या 1 हेक्टर 20 आर पैकी पूर्वेकडील 60 आर’ असं लिहिलंय. सातबाऱ्यावर देणाऱ्यासोबत त्याच्या बहिणीचंही नाव आहे, तो म्हणतो आमचं तोंडी वाटप झालंय, काळजी करू नका. ‘लिहून देणार’, ‘बोजा’, ‘परिशिष्ट’ यातलं निम्मं डोक्यावरून जातंय. काय बघू?
– एक वाचक

उत्तर : लिहून देणार म्हणजे विकणारा आणि लिहून घेणार म्हणजे तुम्ही, हे सोपं आहे. पण पहिलं बोट मिळकतीच्या वर्णनावर ठेवा, काही मसुद्यात ते पहिल्याच कलमात असतं, काहींत शेवटी परिशिष्ट म्हणजे जोडपान म्हणून. गट नंबर, क्षेत्र, पोटखराब (लागवडीला न येणारा भाग) आणि आकार (शेतसारा) हे सगळं ताज्या सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी मात्र सातबाऱ्यावर नसतात, त्या नकाशावर आणि जागेवर जुळवून बघा.

तुमची खरी अडचण ‘पूर्वेकडील’ या शब्दात आहे. सहहिस्सेदाराला स्वतःचा हिस्सा विकता येतो हो, पण पूर्वेचाच तुकडा माझा हे तो एकटा ठरवू शकत नाही. उद्या बहिणीने वाटप मागितलं आणि पूर्वेची, रस्त्याकडची बाजू तिला गेली तर तुमच्या वाट्याला भलतीच जमीन येईल आणि त्यावर तुम्ही विहीर पाडलेली असेल तर केवढा ताप! म्हणून एकतर आधी त्या दोघांना तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यायला सांगा आणि मोजणी करा, नाहीतर बहिणीला ‘संमती देणार’ म्हणून पक्षकार करून पूर्वेचा भाग भावाचा हे तिच्या सहीने लिहून घ्या. मला पहिला मार्ग जास्त पक्का वाटतो, वेळ लागला तरी चालेल.

मग मालकीचा भाग वाचा, जमीन देणाऱ्याकडे कशी आली, वारसाने की खरेदीने, आणि फेरफार (मालकी बदलल्याची तलाठ्याकडची नोंद) नंबर काय, ते तिथे हवं. भरण्याच्या, म्हणजे पैसे दिल्याच्या कलमात चेक किंवा आरटीजीएसचा नंबर, तारीख, बँक हवी, 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. बोजा म्हणजे जमिनीवरचं कर्ज, मसुद्यात ‘निर्वेध’ (बोजा नसलेली) लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कर्ज देणाऱ्या सोसायटीचं नाव दिसतंय का बघा. आणि कब्जा कधी दिला ते स्पष्ट लिहून घ्या.

सह्या झाल्यावर नोंदणी चार महिन्यांच्या आत व्हायला लागते. नंतर चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्र करता येतं, पण त्यावर देणाऱ्याचीही सही लागते आणि पैसे हातात पडल्यावर तो येईलच असं नाही, त्यामुळे वर्णन दुरुस्त होऊन बहिणीचं काम होईपर्यंत स्टॅम्प ड्युटी भरू नका आणि मोठा विसारही देऊ नका.