किनाऱ्यावर सापडलेल्या अनोळखी माणसाच्या कपड्यांची लेबलं कापलेली असली, तर तो गुप्तहेरच असतो का?

नाही. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं तीस वर्षं शिलाईचं दुकान आहे, त्या अधिकारानं सांगतो. मान खाजते म्हणून लेबल उसवून घेणारे आठवड्याला दोन तरी येतात. त्यातला एकही हेर नसावा. (एकाबद्दल शंका आहे, पण तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे.)

तुमच्या डोक्यात सॉमरटन मॅन आहे हे उघड आहे. १ डिसेंबर १९४८, ऑस्ट्रेलियातला ॲडलेडजवळचा किनारा, भिंतीला टेकलेला सुटाबुटातला अनोळखी मृतदेह, कपड्यांची लेबलं कापलेली, घड्याळाच्या खिशात ‘तमाम शुद’ (फारसीत ‘संपलं’) छापलेला कपटा. ते तुम्ही वाचलेलंच असणार. मी आमच्या खाडीचं सांगतो.

२००६ च्या पावसाळ्यात एक हवालदार दुकानात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत राखाडी पँट. कोपरीच्या बाजूला तिवरांत एक अनोळखी इसम अडकलेला सापडला होता. खिशात काही नाही, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. बेल्टपट्टीच्या आत मात्र आमच्या दुकानाचं लेबल आणि बॉलपेननं लिहिलेला बिल नंबर, पुसट पण वाचता येईल असा. दादा कानाशी येऊन म्हणाला, ‘आपली नाही म्हणून सांग आणि मोकळा हो.’ मी मापाची वही काढली. नंबर जुळला. पाचपाखाडीतले बँकेतले एक काका, कंबर ३८.

हवालदार त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, पँट बघितली आणि किंचाळल्या. काका आत जेवत होते.

ती पँट चार वर्षांपूर्वीच बोहारणीकडे गेली होती, बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा आला होता. पण पोलीस दारात आले ते आमच्यामुळे, म्हणून त्या घरातलं कापड पुन्हा कधी आमच्याकडे आलं नाही. दोन मुलांच्या लग्नाचे सूट दुसरीकडे शिवले गेले. दादा ते अजून बोटांवर मोजून दाखवतो.

मी मात्र ती पँट नीट उलटी करून बघितली होती. ३८ ची कंबर ३२ वर आणलेली. इतकी आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला येतात, तसे आले होते. दुकानातला शिंपी खिसे उसवल्याशिवाय असं काम करून देत नाही, गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. ही हातशिलाई होती, निळ्या दोऱ्याची, एकसारखे टाके आणि शेवटी तीनदा मारलेली गाठ. घरात बसून कोणीतरी त्या माणसाच्या मापानं केलेलं काम. मी हवालदारांना म्हटलं, लेबल सोडा, या टाक्यांचा फोटो छापा, जिनं घातलेत ती ओळखेल. त्यांनी मान हलवली. पेपरात दोन ओळी आल्या: उंची, बांधा सडपातळ, ‘अंगात राखाडी फुलपँट’. पुढे काही नाही.

सॉमरटनचंही तेच. त्याच्या पँटच्या खिशाचं अस्तर नारिंगी मेणदोऱ्यानं सांधलेलं होतं. जानेवारी १९४९ मध्ये ॲडलेड स्टेशनच्या सामानघरात एक बेवारस सूटकेस मिळाली, तिच्यात तसलाच दोरा निघाला. माणूस आणि सूटकेस जोडली ती या दोऱ्यानं. कपड्यांवरच्या नावानं उलट घोळ घातला. सूटकेसमधल्या काही कपड्यांवर ‘कीन’ असं नाव होतं आणि त्या नावाचा बेपत्ता माणूस कुठे सापडेना. २०२२ मध्ये प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी चेहऱ्याच्या प्लास्टरच्या साच्यात अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून तो मेलबर्नचा विद्युत अभियंता कार्ल वेब असल्याचं जाहीर केलं. (पोलिसांनी तेव्हा शिक्कामोर्तब केलं नव्हतं.) वेबच्या बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव कीन. भाओजींचे उतरवलेले कपडे असणार, हा माझा अंदाज. युद्धात तिकडे कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा जुनं कापड फिरायचंच.

सगळ्यांना एकच न्याय लावू नका, हेही सांगायला हवं. आयर्लंडमध्ये स्लायगोजवळ रॉसेस पॉइंटच्या किनाऱ्यावर जून २००९ मध्ये सापडलेल्या माणसानं हॉटेलात ‘पीटर बर्गमन’ असं नाव आणि व्हिएन्नाचा खोटा पत्ता दिला होता. जांभळी पिशवी भरून बाहेर पडायचा आणि हात हलवत परत यायचा, कॅमेऱ्यात दिसतं. त्याची लेबलं मुद्दाम कापलेली वाटतात, मान्य. शवविच्छेदनात प्रोस्टेटचा बळावलेला कर्करोग निघाला. हेर कसला, कोणाला आपला माग लागू नये एवढीच धडपड.

आणि पोलीस कापड घेऊन आले की न बघताच ‘आपलं नाही’ म्हणणाऱ्यांना: दादा, दोन सूट गेले, कबूल. पण तू त्या दिवशी ती पँट हातातसुद्धा घेतली नव्हतीस. तो निळा दोरा शिलाईचा नव्हताच. गोधडीचा होता.