व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलने प्रवेशपरीक्षा बंद केल्यावर तिथे कोणती मुलं येऊ लागली?

फरक पडला, आणि चांगलाच. फेअरफॅक्स काउंटीची ही सरकारी मॅग्नेट शाळा, म्हणजे विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना आसपासच्या भागांतूनही ओढून घेणारी. २०२० पर्यंत प्रवेशपरीक्षा होती, वर १०० डॉलर अर्जाची फी. दोन्ही गेलं. आता प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या १.५ टक्के मुलांसाठी जागा राखीव असतात. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचा वाटा ७३ वरून ५४ टक्क्यांवर आला; गरीब घरांतली मुलं, जी आधी जवळजवळ नव्हतीच, ती २५ टक्के झाली. पालक कोर्टात गेले, पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. माझ्या मते परीक्षेपेक्षा महागडे क्लासच जास्त निवड करत होते. राजस्थानातल्या कोटा शहराच्या क्लासवाल्यांना वेगळं सांगायला नको!